घरचा सर्व्हर सुरू होत नाही? आधी पेन ड्राइव्ह तपासा, मग पाकीट काढा

मे महिन्यात नागपुरात लाइन जाते, थोड्या वेळाने येते. फ्रिज, कूलर, वायफाय सगळं आपापलं सुरू होतं, पण आतल्या खोलीतला सर्व्हर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं लिहून गप्प बसतो. मुलांचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, दुकानाच्या टॅलीचा बॅकअप, सगळं त्याच्या पोटात. घाबरलेला माणूस मशिन उचलून बर्डीच्या बाजारात धावतो आणि 'डेटा रिकव्हरी करावी लागेल' हे वाक्य ऐकून परत येतो. त्या वाक्यानंतरची बोलणी हजारांतच होतात, आणि बहुतेक वेळा ती करायची गरजच नसते.

जुन्या पीसीत चार हार्ड डिस्क टाकून घरचा सर्व्हर बनवणारे बरेच जण अनरेड वापरतात. ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू होते. सुरू होताना ती रॅममध्ये चढते आणि तिथूनच चालते. पेन ड्राइव्हवर उरतं ते सेटिंग, कोणती डिस्क कोणत्या जागी याची नोंद आणि परवान्याची फाइल. तुमचे फोटो तिथे नसतातच, ते हार्ड डिस्कवर असतात. पेन ड्राइव्ह मेला तरी डेटा जागेवर असतो, म्हणून या बिघाडात रिकव्हरीवाल्याला एक रुपयाही देऊ नका.

आता खर्चाकडे वळू. पहिला टप्पा जवळजवळ फुकटचा आहे.

सर्व्हरला टीव्ही किंवा मॉनिटर जोडा आणि पडद्यावर काय येतं ते मोबाइलवर टिपून ठेवा. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर मशिनला पेन ड्राइव्ह दिसलेला नाही किंवा त्यावरून सुरू व्हायचं हे त्याला आठवत नाही. विसरण्याचं कारण बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल असतो. पाच-सात वर्षांच्या बोर्डात तो संपलेला असतो. लाइन असेपर्यंत कळत नाही, ती गेली की बायोस सगळं विसरतो आणि थेट हार्ड डिस्कवरून सुरू व्हायला बघतो. बायोसमधली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली तर दोष पेन ड्राइव्हचा नाही. सीआर 2032 सेल घ्या, पन्नास रुपयांच्या आत येतो, आणि बूट क्रमात पेन ड्राइव्ह पहिला ठेवा. नवी हार्ड डिस्क जोडल्यावर क्रम आपोआप बदलल्याचीही उदाहरणं भरपूर आहेत.

'बीझेड-रूट' किंवा 'बीझेड-इमेज' नावाच्या फाइलचा चेकसम चुकला असं येत असेल, तर पेन ड्राइव्ह दिसतोय पण फाइल बिघडली आहे. 'अनरेड' नावाच्या लेबलची वाट बघत तीस सेकंद मोजणारी ओळ आली, तर सुरुवात होऊन मधेच पेन ड्राइव्ह हरवला आहे. दोन्ही वेळा तो काढून दुसऱ्या खाचेत लावा. कॅबिनेटच्या पुढच्या खाचा टाळा, कारण त्यांची वायर आतून लांब येते. मागे थेट बोर्डवर असलेली काळी यूएसबी 2.0 खाच बरी. निळी 3.0 खाच वेगवान असते, पण इथे वेगाचा उपयोग सुरू होतानाच्या एका मिनिटापुरता आहे.

तरीही जमलं नाही तर पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारेल, तिथे नाही म्हणा. उघडला तर सगळ्यात आधी 'कॉन्फिग' हे फोल्डर कॉपी करून घ्या, बाकी उद्योग नंतर. मग चेकडिस्क चालवा, त्याच आवृत्तीची झिप उतरवा आणि 'बीझेड'ने सुरू होणाऱ्या फाइली नव्याने टाका. पुष्कळ सर्व्हर इथेच उठून बसतात. खर्च शून्य.

सर्व्हर चालू आहे, पण पेन ड्राइव्हवर लिहिता येत नाही अशी सूचना येते, तो प्रकार वेगळा. सर्व्हर बंद करून बघू नका. मेन पानावर फ्लॅशवर क्लिक करून बॅकअपची झिप उतरवून घ्या, मग बंद करा. फक्त वाचता येण्याच्या अवस्थेत अडकलेला पेन ड्राइव्ह पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

दुसरा टप्पा नव्या पेन ड्राइव्हचा. 32 जीबीचा नामांकित कंपनीचा पेन ड्राइव्ह साधारण चारशे ते सहाशे रुपये. मेमरीचे भाव सतत हलतात, म्हणून हा आकडा अंदाजाचाच धरा. त्याहून मोठा घेऊ नका. फॅट-32 मध्ये फॉरमॅट करावा लागतो आणि विंडोजची नेहमीची खिडकी 32 जीबीच्या वर ते करून देत नाही. लेबल 'अनरेड' असंच हवं, सगळी अक्षरं कॅपिटल.

नखाएवढे, खाचेत पूर्ण बुडणारे पेन ड्राइव्ह दिसायला देखणे असतात, पण नागपुरात ते घेऊ नका. 23 मे 2013 ला या शहराने 47.9 अंश पाहिले आहेत. बंद खोलीत, कॅबिनेटच्या मागे, गरम हवेच्या झोतात तो इवलासा धातू दिवसभर भाजत राहतो. बोटाएवढा, साधा, यूएसबी 2.0 चा घ्या.

फुटपाथवरचा बिनकंपनीचाही नको, आणि त्याचं कारण केवळ दर्जा नाही. अनरेडचा परवाना पेन ड्राइव्हच्या ओळख क्रमांकाशी बांधलेला असतो. स्वस्त मालात कधी हा क्रमांक नसतो, कधी हजारो पेन ड्राइव्हना एकच असतो, आणि मग परवाना नाकारला जातो. शिवाय 'दोन टीबी फक्त तीनशेत' असला माल आतून आठ-सोळा जीबीचाच निघतो. घरी आणल्यावर एच2टेस्टडब्ल्यू हा फुकटचा प्रोग्रॅम चालवा. तो पेन ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. लिनक्सवाल्यांसाठी एफ3 आहे.

परवाना पुन्हा विकत घ्यावा लागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नव्या पेन ड्राइव्हवर प्रणाली टाका, जुनं 'कॉन्फिग' त्यात ठेवा, सुरू करा आणि टूल्समधल्या रजिस्ट्रेशन पानावरून परवान्याची चावी बदलून घ्या. पहिल्यांदा केव्हाही होतं, नंतर आपोआप बारा महिन्यांतून एकदा. त्याआधी लागलं तर कंपनीला ईमेल करावा लागतो. जुना पेन ड्राइव्ह मात्र कायमचा बाद होतो, म्हणून तो खरंच मेलाय याची खात्री झाल्यावरच हे करा.

नवा परवाना घेणाऱ्यांसाठी 2024 मध्ये ठरलेले दर असे: स्टार्टर 49 डॉलर, अनलीश्ड 109, लाइफटाइम 249. डॉलर 90 रुपये धरला तर 4,410, 9,810 आणि 22,410 रुपये, त्यावर बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क. पहिल्या दोघांत वर्षभराचेच अपडेट मिळतात. पुढे 36 डॉलर वर्षाला, पण न भरल्यास सर्व्हर बंद पडत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. आपल्याकडे नवी कार्डं ती सोय बंद ठेवूनच येतात.

बॅकअपही नाही आणि जुना पेन ड्राइव्ह उघडतही नाही, हे सगळ्यात अवघड. डेटा तेव्हाही असतो, पण पॅरिटी डिस्क, म्हणजे एखादी डिस्क मेल्यास तिचा डेटा परत उभा करायला लागणारी डिस्क, कोणती हे तुम्हाला सांगावं लागतं. चुकून डेटाची डिस्क पॅरिटीच्या जागी ठेवून सुरू केलंत, की तिच्यावरचं सगळं पुसलं जाऊ लागतं. तेव्हा मात्र रिकव्हरीवाला खरोखर लागेल. म्हणून प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि जागा आजच कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवा.

घरी येणाऱ्या तंत्रज्ञाची भेट-फी तीनशे ते सातशेच्या आसपास असते. फोनवरच विचारा: लिनक्स येतं का? नाही म्हटलं तर बोलावू नका. विंडोजला या डिस्क वाचता येत नाहीत, त्यामुळे 'डिस्क करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल' असं तो प्रामाणिकपणे सांगेल आणि तसं करेलही. दुकानात मशिन ठेवून येणं तर नकोच.

अनरेडऐवजी वापरता येणाऱ्या ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या प्रणाली फुकट आहेत, पण त्या पेन ड्राइव्हवर सतत लिहीत राहतात आणि तो लवकर झिजतो. तिथे पेन ड्राइव्हचा नाद सोडून दीड-दोन हजारांचा लहान एसएसडी लावा. ओपनमीडियाव्हॉल्टवर पेन ड्राइव्हच ठेवायचा असेल तर फ्लॅशमेमरी हे प्लगिन टाका.

विजेचा बंदोबस्त केला नाही तर नवा पेन ड्राइव्हही त्याच वाटेने जाईल. 600 व्हीएचा यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांत येतो. घरी इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या मागचं बटण बघा. ते 'यूपीएस' बाजूला केलं की लाइनवरून बॅटरीवरचा बदल लवकर होतो आणि मशिन दचकत नाही. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरल्यावर मात्र या स्थितीत इन्व्हर्टर वरचेवर बॅटरीवर जातो. त्यामुळे बॅटरी जुनी असेल तर यूपीएस घेतलेला बरा.

पेन ड्राइव्हचं बिल घ्या, पक्कं, छापील. नकली निघाला आणि दुकानदार बदलून देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.