जुनी लेन्स घेताना पाती आणि काच

प्रश्न : निकॉनची जुनी ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निक्कोर ऑनलाइन मिळते आहे. फोटोंत चकाचक दिसते. घ्यावी का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नुसत्या फोटोंवर जाऊ नका, विक्रेत्याकडून दोन छोटे व्हिडिओ मागवा. पहिल्यात अ‍ॅपर्चर रिंग २२ वर ठेवून मागचा बारीक खटका दाबून सोडायला सांगा. पाती चटकन मिटली पाहिजेत. या लेन्सचं नेहमीचं दुखणं हेच : फोकसच्या ग्रीसमधलं तेल झिरपून पात्यांवर येतं, ती चिकटतात, आणि एफ/१६ वर काढलेला फोटो पांढराफटक येतो. दुरुस्ती होते, पण त्यासाठी लेन्स उघडावी लागते. तो खर्च धरूनच भाव करा.

दुसऱ्या व्हिडिओत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायला सांगा. चार-दोन धूलिकण दिसले तर खुशाल दुर्लक्ष करा. कडेकडून आत पसरणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. तिथे मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही, कारण ती कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही व्रण राहू शकतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालेल, मागच्या काचेवरचा मात्र फोटोत उतरतो.

तुमच्याकडची दमट हवा बुरशीला फार मानवते. लेन्स चामड्याच्या पाकिटात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.