वडिलोपार्जित ताट



तुझे पत्र पावले. दादांना मधुमेह जडल्याचे निदान झाल्यापासून तू आहारशास्त्राविषयी वाचू लागलास, आणि शेती ही मानवाच्या इतिहासात फार उशिरा आलेली गोष्ट असल्यामुळे धान्यमात्र वर्ज्य करून आदिमानवाप्रमाणे मांस, अंडी व कंदफळे यांवरच राहावे अशा निष्कर्षाप्रत येऊन तो अमलातही आणलास, हे वाचून तुझ्या निग्रहाचे मला खरोखर कौतुक वाटले. परंतु पूर्वजांचा हवाला द्यावयाचा तर ते कोठले, कोणत्या जमिनीवर राहणारे व कोणते कष्ट करणारे, याचा तपशील आधी पाहावयास हवा.

वेस्टन प्राइस या क्लीव्हलँडच्या दंतवैद्याचा दाखला तू दिला आहेस. त्यांचा १९३९ सालचा ग्रंथ लक्षपूर्वक वाचशील तर स्वित्झर्लंडच्या लोचेनटाल खोऱ्यात त्यांना राय धान्याची भाकरी व चीज खाणारे लोक आढळले, हेब्रिडीज बेटांवर ओट आणि मासळी यांवर जगणारे कोळी आढळले, तर आफ्रिकेत दूध, मांस व रक्त यांवर पोसलेले मसाई आढळले, असे तुला दिसेल. म्हणजे सुदृढ दातांच्या या माणसांचा आहार एक नव्हता, आणि त्यांतील कित्येक धान्य खाणारेच होते. समान होते ते एवढेच, की पांढरे पीठ, साखर व डबाबंद जिन्नस त्यांच्या मुलखात अद्याप पोहोचले नव्हते. प्राइस यांची निरीक्षणे मला मोलाची वाटतात. त्यांवर उभारलेले त्यांचे सगळेच सिद्धांत मात्र मी मान्य करीत नाही.

आपले घराणे माणदेशातले. तेथल्या कोरडवाहू रानात बाजरी आणि ज्वारी पिकत, त्यांच्या सोबतीने मटकी व हुलगे येत, बांधावर तीळ व करडई असे, पावसाळ्यात पाथरी, तांदुळजा, घोळ अशा रानभाज्या आपोआप उगवत, दारी शेळी असे, आणि बोकड कापला तर त्याची कलेजी, वजडी व पाया यांतले काहीही वाया जात नसे. कलेजीत अ जीवनसत्त्व किती विपुल असते हे त्या माणसांना ठाऊक नव्हते, पण लहान मुलाच्या आणि बाळंतिणीच्या पानात ती आधी पडावी असा शिरस्ता होता. या ताटातील प्रत्येक पदार्थ दुसऱ्याचे उणे भरून काढीत असे, आणि मला तुला जे सांगावयाचे आहे ते नेमके हेच आहे.

याचे प्रमाण दुर्दैवाने रोगांच्या इतिहासातूनच मिळते. दख्खनच्या पठारावर ज्यांच्या वाट्याला ज्वारीखेरीज फारसे काही येत नसे, अशा दरिद्री मजुरांत पेलाग्रा नावाची व्याधी आढळे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलपटे, पोट बिघडे, आणि पुढे बुद्धिभ्रंशही होई. हैदराबाद येथील गोपालन व श्रीकांतिया या संशोधकांनी १९६० साली या व्याधीचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. तीच ज्वारी डाळ, दूध आणि भाजीसह खाणाऱ्या घरांत हा रोग सहसा दिसत नसे. म्हणून केवळ ‘ज्वारी उत्तम’ असे म्हणणाराही अर्धेच सत्य सांगतो.

तांदळाची कथा याहून बोधप्रद आहे. जावा बेटावर बटाव्हिया येथे आइकमान या डच वैद्याच्या ध्यानात आले, की सडीक पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासहित तांदूळ दिला की त्या पुन्हा हिंडू लागतात; पुढे व्होर्डरमान यांनी त्या बेटावरील शंभरावर तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी या तशाच रोगाचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण कोकणात व गोव्यात भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडण्याची जी वहिवाट आहे, तिच्यामुळे ही व्याधी टाळणारे कोंड्यालगतचे ब जीवनसत्त्व दाण्याच्या अंतरंगात मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते, हे शहाणपण तेथल्या गृहिणींनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून जपले होते.

तथापि पूर्वजांचे सगळेच चांगले होते असे समजू नकोस. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशातील सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत होते, दुष्काळ दारातच उभा असे, आणि अन्नाची ही परिपूर्ती ज्यांना जमीन व गुरे होती त्यांच्याच नशिबी होती. शिवाय नांगरामागे दिवसभर चालणाऱ्याची भूक आणि खुर्चीवर बसणाऱ्याची भूक सारखी नव्हे. भाकरीनेही रक्तातील साखर वाढतेच, तेव्हा ती किती खावी याचा हिशेब तुला तुझ्या श्रमांशी जुळवूनच ठेवावा लागेल.

आता तजवीज सांगतो. बाजरीत स्निग्धांश अधिक, म्हणून तिचे पीठ लवकर कडवट होते. गिरणीतून आठवड्यापुरतेच दळून आण. मटकीला मोड आणूनच उसळ कर, कारण भिजवल्याने व मोड आल्याने लोहाला अडकवून ठेवणारा फायटिक आम्लाचा अंश घटतो. वर लिंबू पिळ, आणि जेवणाला लागून चहा घेण्याची सवय मोड, कारण लिंबाने लोह अंगी लागते व चहाने ते अडते. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडीक तांदळात जेमतेम दहा. आठवड्यातून दोनदा तिची आंबील घे. परंतु नाचणीच्या नावाने विकली जाणारी बिस्किटे घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटकांची यादी वाच. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी असा कायदा आहे, आणि बहुधा मैदा व साखर तुला नाचणीच्या आधी भेटतील. अंडी व मांस सोडू नकोस, मात्र त्यांच्या शेजारी डाळ व पालेभाजी असू दे.

दादांच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगतो. त्यांच्या पानातील बदल त्यांच्या वैद्यांना विचारूनच कर, आणि नव्या आहाराच्या उत्साहात त्यांची औषधे परस्पर कमी करू नकोस. खाणे एकदम घटले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, म्हणून दोन्हींचा मेळ घालणे हे वैद्यांचेच काम. वहिनींना मी बाजरी आणि हुलगे पाठवीत आहे, पोहोचल्याचे कळव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका