मूळ फोटो जपा, अक्षरं जिवंत ठेवा

फोटो सुधारायला आणि छोटीशी वेबसाइट करायला शिकणारी मुलं बेळगावात माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, कुठलं अ‍ॅप घेऊ?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. फोटोशॉप असो, फुकट मिळणारं गिम्प असो की मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप, आधी मूळ फाइलची नक्कल करा आणि सगळं काम नकलेवर करा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. हे मी इतकं ठासून सांगतो ते निपाणीच्या एका फोटोमुळे.

१९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणी भागातले तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्या आंदोलनात बसलेल्या एका आजोबांचा फोटो त्यांच्या घरी होता. गर्दीत तिसऱ्या-चौथ्या रांगेत, डोक्याला पटका, चेहरा जेमतेम हरभऱ्याएवढा. नातवाने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला, मग चेहरा स्पष्ट करून देणाऱ्या एका अ‍ॅपमधून काढून मोठा करून छापला. छापून आलेला चेहरा लख्ख होता. भुवया रेखीव, मिशी नीट कातरलेली. घरातल्या आत्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे आमचे आप्पा न्हवेत.’

आत्यांचं बरोबर होतं. फोटोत चेहऱ्याच्या वाट्याला वीस-तीस ठिपके आले असतील, तर त्यात पापणी नसते, मिशीचा केस नसतो. असलं अ‍ॅप हरवलेला तपशील शोधून काढत नाही. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेला, शोभेल असा तपशील ते तिथे भरतं. फोटो सुंदर होतो आणि माणूस बदलतो. त्या घरातली मूळ प्रत तोवर फ्रेम करायला दिली होती, ती परत आलीच नाही. सुदैवाने एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅपमधून न काढलेला पहिला फोटो मिळाला. त्यावरचे डाग काढले, काळं-पांढरं थोडं उठावदार केलं आणि लहान आकारातच छापला. चेहरा धूसर राहिला, पण तो आप्पांचाच होता.

सीमाभागात असे फोटो घरोघरी आहेत. सत्याग्रहाचे, मोर्चांचे, तंबाखूच्या वखारीतले, विड्या वळणाऱ्या बायकांचे. ते आपल्या इतिहासाचे पुरावे आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: डाग आणि चिरा काढा, चेहऱ्याला हात लावू नका. रंग भरण्याचंही तेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल फेटा आणि हिरवा फेटा एकाच करड्या छटेचे दिसू शकतात, तेव्हा भरलेला रंग हा अंदाजच असतो. हौस म्हणून भरायचा असेल तर भरा, पण फोटोखाली ‘रंग नंतर भरले आहेत’ एवढं लिहा.

जुना फोटो शक्यतो मोबाइलने टिपू नका, स्कॅन करा. ६०० डीपीआयवर केलेलं तीन इंच बाय दोन इंचांच्या फोटोचं स्कॅन १८०० बाय १२०० ठिपक्यांचं होतं, म्हणजे ३०० डीपीआयने सहा बाय चार इंचांपर्यंत चांगलं छापता येतं. शक्य असेल तर मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये फाइल लहान होते ती काही तपशील टाकून देऊनच, आणि बदल करून पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी आणखी काही जातं. स्कॅनर नसेल तर काच काढून, फ्लॅश बंद करून, खिडकीजवळच्या उजेडात फोटो सपाट ठेवा आणि मोबाइल बरोबर वर धरा. कोणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नव्या फोटोंवर हात बसवायचा असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसारखी शाळा नाही. रात्रीची वेळ, जनरेटरवरचे दिवे, एका बाजूने निळा झोत आणि दुसरीकडून पिवळा. नवशिके इथे रंग भडक करणारी पट्टी आधी ओढतात आणि देखाव्यातल्या शिवाजी महाराजांचा चेहरा केशरी करून टाकतात. क्रम असा ठेवा: फोटो सरळ करा, मग कापा, मग उजेड ठीक करा, मग रंगाचा तोल आणि अगदी शेवटी धार. उजेड ठरवताना डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे अ‍ॅपमधल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर विश्वास ठेवा, कारण अंधाऱ्या खोलीत पडदा लख्ख वाटतो आणि उन्हात तोच मळकट. दिव्याजवळचा जो भाग पूर्ण पांढरा होऊन गेला आहे तो कुठल्याही पट्टीने परत येत नाही. म्हणून रात्री टिपताना फोटो थोडा काळपटच असू द्या.

माणसांच्या त्वचेबद्दल एक सांगतो. लग्नाच्या अल्बमात आणि स्थळाच्या फोटोत ‘जरा उजळ करा की’ अशी मागणी हमखास होते. मी नकार देतो. कालचा मुरूम काढायला हरकत नाही, तो आठवड्याने जाणारच असतो. मुलीचा वर्ण बदलणं म्हणजे तिच्यात काही कमी आहे असं तिला सांगणं आहे, आणि नव्याने या कामात येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हा नकार शिकावा.

दुकानाच्या फोटोत खरा रंग हा सरळ व्यवहाराचा प्रश्न होतो. शहापूरच्या साड्या विकणाऱ्या एका दुकानदाराची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली. साड्या ट्यूबलाइटखाली टिपल्या होत्या आणि मग भडक केल्या होत्या. गिऱ्हाईक मोरपंखी मागवायचं आणि हातात वेगळाच हिरवा पडायचा, की साडी परत. उपाय फार सोपा निघाला. प्रत्येक वेळी पहिल्या फोटोत साडीवर एक पांढरा कागद ठेवायचा, रंगाचा तोल त्या कागदावरून लावायचा आणि तोच बाकीच्या फोटोंना द्यायचा.

त्याच साइटवर दुसरी मोठी अडचण होती. दुकानाचं नाव, पत्ता, दर, सगळा मजकूर फ्लेक्स करतात तसा चित्रात बसवलेला होता. चित्रातली अक्षरं गिऱ्हाइकाला धड शोधता येत नाहीत, पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही, मोबाइलवर ती मुंगीएवढी होतात, आणि दर बदलला की अख्खं चित्र नव्याने करावं लागतं. असं का केलं होतं तेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आणि कन्नड मजकूर नुडी किंवा बरहाच्या जुन्या पद्धतीत पडलेला असतो. तो तसाच वेबपानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, म्हणून चित्राची पळवाट काढली जाते. खरा उपाय युनिकोड हाच आहे. १९९१ साली आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या त्यात आहेत. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, पण मग डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य, रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात.

आपल्या भागात साइट बहुतेक वेळा दोन भाषांची असते, तेव्हा दोन्हींना सारखा मान द्या. मराठी भागाला भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि कन्नडला ‘केएन’ असा कोडमध्ये लिहा. फाँटमध्ये सोय असेल तर या संकेतामुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला योग्य आवाज निवडता येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार, कन्नडमध्ये अक्षराखाली ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं व्यंजन), त्यांना जागा लागते. दीडपट किंवा जरा जास्त अंतर पुरतं. पान आधी मोबाइलच्या रुंदीत मांडा, कारण बसमध्ये उभा असलेला माणूस ते तिथेच उघडणार आहे. मोबाइलचा मूळ फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. असे दहा लावले की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो. वेबसाठी नक्कल १२०० ते १६०० ठिपके रुंदीची करा आणि ती दोन-अडीचशे केबीत बसवा. घरात काढलेला फोटो चढवण्याआधी त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका. प्रत्येक चित्राला एका ओळीचं वर्णनही द्या, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

आणि साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला निघून गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ईमेलवर गेली आणि दुकानाचं नाव हातचं गेलं, असं मी माझ्या ओळखीच्यांत पाहिलं आहे. तुमची साइट आधीच सुरू असेल तर ते डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे आजच विचारून घ्या.