सकाळी मांडलं, रात्री मंजूर!

प्रश्न : संसदेत काही विधेयकं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि काही एका दिवसात मंजूर होतात. मग नियम नेमके कुणासाठी असतात?

उत्तर : नियम सगळ्यांसाठीच असतात, पण सवलतीचं दारही त्यांच्यातच ठेवलेलं असतं. लोकसभेत विधेयक मांडण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याच्या प्रती सदस्यांना मिळाल्या पाहिजेत, असा अध्यक्षांचा निर्देश आहे. त्याच निर्देशात पुढे म्हटलंय की, मंत्र्याला घाई असेल तर त्याने कारणं लेखी द्यावीत. ती पटली तर अध्यक्ष सूट देतात. ती मिळाली की सकाळच्या कामकाजपत्रिकेत नसलेला विषय दुपारी पुरवणी पत्रिकेतून सदस्यांच्या हाती पडतो.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाचं उदाहरण घ्या. 7 जानेवारी 2019 ला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन संपणार होतं. त्याच दिवशी तेव्हाचे सामाजिक न्यायमंत्री थावरचंद गेहलोत यांनी लोकसभेत घटनादुरुस्ती विधेयक मांडलं आणि रात्री ते 323 विरुद्ध 3 मतांनी मंजूरही झालं. पण राज्यसभेचं काय? तिचं अधिवेशन सरळ एक दिवसाने वाढवण्यात आलं. आम्हाला न विचारता दिवस वाढवलाच कसा, म्हणून विरोधकांनी गोंधळ घातला. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, ही मागणीही फेटाळली गेली. गंमत म्हणजे भांडण सगळं घाईवरून. मतदानात मात्र विरोधात जेमतेम सात जण! 12 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली.

म्हणजे वेळ वाचला तो प्रती वाचण्याचा आणि समितीतल्या छाननीचा. मतदानाला मात्र कात्री लावता येत नाही. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं, तिथे आवाजी मतदानावर भागत नाही. साध्या विधेयकाला ते चालतं, त्यामुळे तिथे वेग आणखी वाढतो. 29 नोव्हेंबर 2021 ला तीन कृषी कायदे मागे घेणारं विधेयक चर्चेविना, एकाच दिवशी दोन्ही सभागृहांतून पार पडलं.

आपलं विधिमंडळही यात मागे नाही. 20 फेब्रुवारी 2024 ला मराठा आरक्षणासाठी एक दिवसाचं विशेष अधिवेशन बोलावलं आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने मंजूर केलं.

आणि पडून राहणारी विधेयकं? पत्रिकेत कशाला आधी घ्यायचं, हे बहुतांशी सरकारच्याच हातात असतं. कामकाज सल्लागार समितीत विरोधकही बसतात, पण तिथे ठरतं ते मुख्यतः कुठल्या विषयाला किती तास द्यायचे ते.