अमावास्येची वर्गणी

आकाश फुकट आहे, अंधार मात्र विकत घ्यावा लागतो. मुंबई-ठाण्याच्या झगमगाटातून बाहेर पडायचं तर तिकीट, रात्रीचं खाणं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवसाची रजा लागते. ज्याला ताऱ्यांचं वेड आहे पण खिशात फार नाही, तो इथेच अडतो. अमावास्येच्या आसपास आकाशदर्शनाच्या रात्री भरवताना जे कळत गेलं, ते मांडते.

१. जागा स्टेशनपासून चालत जाण्याजोगी हवी. खासगी बस ठरवली की माणशी खर्च चढतो, आणि ऐनवेळी चारपाच जण गळाले तर त्यांचा भार उरलेल्यांवर येतो. कर्जत मार्गावरचं वांगणी मुंबईच्या खगोलप्रेमींना सोयीचं ठरलं ते यामुळेच. रात्रीच्या लोकलने उतरायचं, पहाटेच्या लोकलने परतायचं. सह्याद्रीत आणखी आत गेलं तर आकाश जास्त काळं मिळतं, हे खरं. तरी मी स्टेशनजवळचीच जागा धरेन. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका बघायला निरभ्र रात्र आणि १० x ५० चा बायनॉक्युलर पुरतो.

२. सवलत मागायला लावू नका. ‘अडचण असल्यास संयोजकांना भेटा’ ही ओळ वाचून अडचणीतला माणूस घरीच बसतो. आम्ही जागेचं भाडं, चहा आणि किरकोळ खर्च फळ्यावर लिहितो, माणशी किती येतात तेही लिहितो आणि शेजारी खाच असलेली बंद पेटी ठेवतो. कोण किती टाकतं ते कुणी पाहत नाही. सकाळी दोघं मिळून मोजतात आणि एकूण आकडा व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवतात. कधी तूट येते. पगारदार मंडळी पुढच्या खेपेला ती न सांगता भरून काढतात, कारण हिशेब त्यांच्याही डोळ्यांसमोर असतो. उघडा हिशेब आणि झाकलेली पेटी, या दोन्ही गोष्टी एकत्रच लागतात.

३. जेवणाचं कंत्राट नको. डबा घरून आणायचा. चहा तेवढा गटाचा.

४. ‘सोबत काय आणावे’ ही यादी जपून लिहा. महागडं जॅकेट, हेडलॅम्प, स्लीपिंग बॅग वाचून नवखा मुलगा बिचकतो. साध्या बॅटरीला लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधला की काम होतं. तारे ओळखायला स्टेलॅरियम फुकट मिळतं. चार जादा सतरंज्या आणि शाली गटाने ठेवाव्यात.

५. दुर्बीण गटाची असावी, आणि जमेल तर हाताने केलेली. इथे जॉन डॉब्सन यांची आठवण काढायलाच हवी. ते १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. रामकृष्ण परंपरेतल्या या मठात राहूनच त्यांनी जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेतून आरसे घासले. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, एवढ्यात दुर्बीण उभी राहिली. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढे ते ती दुर्बीण फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत राहिले. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, म्हणून आज कुणीही ती करू शकतं. सहा इंची आरसा घासायला कार्बोरंडमची पूड, पाणी आणि चिकाटी लागते. पावसाळ्यात आकाश बंद असतं, तेव्हा हेच काम काढावं. आरसा स्वतः घासलेल्या मुलाला आपण इथे पाहुणे आहोत असं पुन्हा कधी वाटत नाही.

६. रात्रभर जागणं सगळ्यांना परवडत नाही. वॉचमन, दुकानातला सेल्समन, नर्स यांची सुटी शनिवार-रविवारी नसते आणि रोजंदारीवाल्याचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्यासाठी शुक्ल अष्टमीच्या सुमाराला वस्तीतल्याच मैदानात संध्याकाळी सात ते नऊ दुर्बीण लावा. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार उपग्रह, शनीची कडी पाहायला गावाबाहेरचा अंधार लागत नाही. माझ्या मते हा कार्यक्रम रात्रभराच्या शिबिराच्या तोडीचाच मानायला हवा. गटातला सगळ्यात जाणता माणूस त्या दिवशी तिथे असावा.

७. मुलगी एकटी येत नाही, भाऊ किंवा आई सोबत येते. म्हणजे तिला हौस दुप्पट भावात पडते. सोबतीला आलेल्याची वर्गणी धरू नये. एका स्टेशनवरच्या मुलींनी एकत्र निघावं आणि गटातल्या ताईने त्यांच्यासोबत यावं, अशी व्यवस्था केली की घरचेही निर्धास्त होतात.

८. मोठ्या प्रवासाची तयारी लवकर करा. २० मार्च २०३४ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा काश्मीर-लडाख भागातून जाणार आहे. ऐनवेळी भाडी वाढतात आणि पुन्हा तेच ठरावीक चेहरे निघतात. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. आमच्याकडच्या मुलांना मी ती उघडायला सांगते, ज्याची त्याच्या नावावर. उद्या कुणी गट सोडला तरी पैसे त्याचेच राहतात.