एन्रिको कारुसो : गळा आणि तालीम

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक, ते आपल्याला कळायचे नाही. आणि दुसरे, त्यात नुसता आरडाओरडा असतो. पहिले मत काही अंशी खरे असेल. दुसऱ्याला उत्तर म्हणून मी एन्रिको कारुसो या इटालियन गायकाचे नाव पुढे करीन. आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पदे आलटून पालटून येतात. ऑपेरात बहुतेक सारे नाटकच गाऊन होते. त्यात टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज. नायकाची भूमिका बहुधा त्याच्याच वाट्याला येते. ध्वनिक्षेपकाच्या मदतीवाचून, भल्यामोठ्या वाद्यवृंदावरून आवाज फेकून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, हे नुसत्या ओरडण्याने साधत नाही.

कारुसोचा जन्म २५ फेब्रुवारी १८७३ रोजी नेपल्स येथे एका यंत्रकामगाराच्या घरी झाला. मुलाने कारखान्यातच हात काळे करावेत, ही वडिलांची इच्छा. आई मात्र त्याच्या गाण्याच्या बाजूची होती. ती १८८८ साली वारली. पोरगा चर्चमध्ये, कॅफेत, प्रसंगी रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवू लागला. पुढे गुलिएल्मो व्हेर्जिने या शिक्षकाने त्याला तालीम दिली, पण फुकट नव्हे. पुढील मिळकतीचा चौथा हिस्सा पाच वर्षे द्यायचा, असा करार होता. त्यातली मेख अशी की पाच वर्षे म्हणजे प्रत्यक्ष गायिलेले दिवस मोजून भरतील तेवढी! म्हणजे फेडता फेडता जन्म सरावा. प्रकरण अखेर कोर्टात गेले.

हा भाग वाचताना मी थोडा थांबलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकण्याची किंमत पुढे कधी, किती आणि कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही. शिक्षकाने शिकवले हे खरे, पण म्हणून शिष्याचा गळा गहाण पडावा काय? माझे मत कारुसोच्या बाजूचे आहे.

१५ मार्च १८९५ रोजी नेपल्समध्ये त्याचे रंगभूमीवर पदार्पण झाले. तेव्हा त्याचा वरचा सूर भरवशाचा नव्हता; आवाज चिरकत असे. आज त्याला उपजत देणगीचा नमुना म्हणून दाखवतात, त्यांनी हे विसरू नये. १८९८ साली मिलानमध्ये ‘फेदोरा’च्या पहिल्या प्रयोगाने त्याचे नाव झाले, आणि १९०० साली तो तिथल्याच ‘ला स्काला’ या विख्यात नाट्यगृहात पोहोचला. पण १९०१ च्या डिसेंबरात नेपल्सच्या सान कार्लोत तो गायला, तेव्हा गाववाल्यांनी थंडे स्वागत केले. ते त्याच्या जिव्हारी लागले. त्या गावात पुन्हा ऑपेरा गायचा नाही, हा निश्चय त्याने मरेपर्यंत पाळला.

११ एप्रिल १९०२ ही तारीख मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिलानमधील एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्याची दहा गाणी एका दुपारी मुद्रित केली. बिदागी शंभर पौंड. ही रक्कम वरिष्ठांना फार वाटली आणि त्यांनी नकार कळवला. तरी गैसबर्गने मुद्रण उरकलेच. हाच गैसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. एकाच माणसाच्या कर्ण्यापुढे सात-आठ महिन्यांच्या अंतराने हे दोघे गायले, हे कळल्यावर कारुसो मला तितकासा परका राहिला नाही.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राही आणि तार सुरावर मागे सरके. आवाजाच्या धक्क्याने मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. फार नाजूक वा फार खर्जातले त्यात नीट उतरत नसे. टेनरचा आवाज मात्र छान उतरे. म्हणून कारुसोला ग्रामोफोनने मोठे केले असे काही म्हणतात. अर्धेच खरे! टेनर तेव्हा पुष्कळ होते. ‘पाल्याच्ची’तील विदूषकाचे ‘वेस्ती ला जुब्बा’ हे गाणे त्याने १९०२, १९०४ आणि १९०७ अशा तीन वेळा मुद्रित केले. ती तिन्ही लागोपाठ ऐकावीत. पहिल्या दोहोंत नुसता पियानो, तिसऱ्यात वाद्यवृंद. पहिल्यातला आवाज तरुण, हलका. तिसऱ्यातला भरदार, गडद. घरात दुःख असताना तोंडाला रंग फासून लोकांना हसवायचे, हा त्यातला प्रसंग. भाषा न कळताही १९०७ च्या मुद्रणातला तो हुंदका कळतो.

२३ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘रिगोलेत्तो’तून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये उतरला. पुढे अठरा हंगाम तिथे गायला. प्रयोग साडेआठशेहून अधिक. फावल्या वेळात तो सहकाऱ्यांची व्यंगचित्रे काढी, आणि ती चांगली असत. ११ डिसेंबर १९२० रोजी ब्रुकलिन येथे गाताना त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले; रुमालामागून रुमाल घेत त्याने अंक पुरा केला. २४ डिसेंबरला तो शेवटचा गायला. छातीच्या विकाराने २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्येच त्याचा अंत झाला. वय अवघे अठ्ठेचाळीस.

विजेच्या मायक्रोफोनवरचे ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू झाले. त्यात कारुसोचा एकही सूर नाही. आपल्यापर्यंत आला आहे तो सारा त्या कर्ण्यातूनच.