मूल आळशी नाही, त्याला भाषा जड जाते

बालवाडीत बाई सांगतात, “दप्तर ठेव, डबा काढ आणि रांगेत बस.” सगळी मुले तसे करतात. एक मूल मात्र दप्तर ठेवून तिथेच उभे राहते. त्याला ऐकू येते, खेळात ते मागे नसते; पण ऐकलेले पुरते उमगत नाही आणि मनातले वाक्यात मांडता येत नाही. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्लंडमधील एका पाहणीत तो १०० पैकी सुमारे ७ मुलांत आढळला. म्हणजे ३० मुलांच्या वर्गात साधारण दोघे.

कधी सावध व्हावे? दोन वर्षे होऊनही मूल “बाबा आले” असे दोन शब्द जोडत नसेल. शाळेत जायला लागल्यावरही “आई बाजार गेला” असे बोलत असेल. गोष्ट सांगताना शब्दच सापडत नसतील, तर तपासणी करावी. उशिरा बोलणारी काही मुले पुढे सावरतात, पण त्या भरवशावर वाट पाहू नये.

पनवेलच्या एकाच वर्गात आगरी, हिंदी, मराठवाडी बोलणारी मुले बसतात. बोली वेगळी असणे हा आजार नव्हे. घरच्या बोलीतही मूल अडखळते का, हे पाहावे. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. म्हणून घरची बोली सोडू नका.

आधी कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेत भाषेतील विलंबही तपासला जातो. पथक येईल तेव्हा स्वतः हजर राहा आणि शंका सांगा. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्या-बोलण्याच्या तपासणीची आणि स्पीच थेरपीची सोय आहे.

घरी काय करावे? एका वेळी एकच सूचना द्या. मूल “बाबा गाडी” म्हणाले, तर “हो, बाबा गाडीवरून आले” असे पूर्ण वाक्य सहज म्हणा. “पुन्हा नीट बोल” असा धोशा लावू नका. उत्तरासाठी थांबा.

हा आईच्या संगोपनाचा दोष नाही. ‘मंद’ हा शिक्का मात्र मुलाला शाळेतून बाहेर ढकलतो. तो शिक्का घरात, वस्तीत, विहारातील बालवर्गात कुणीही मारू नये.